‘तुम्ही मराठी की ख्रिस्ती?’ पावणेदोनशे वर्षं विचारला जाणारा प्रश्न आणि तो झुगारणारी माणसं

सप्टेंबर २०१९. उस्मानाबादमध्ये, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये होणाऱ्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव जाहीर झालं. वसईचे लेखक, ‘सुवार्ता’ मासिकाचे दोन दशकांहून जास्त काळ संपादक. ‘सुबोध बायबल’ हा बायबलचा सोप्या मराठीतला अनुवादही त्यांचाच. एक ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच या संमेलनाचा अध्यक्ष होणार होता.

नाव जाहीर झालं आणि सोशल मीडियावर वाद पेटला. त्यात त्यांच्या पुस्तकांवर कमी आणि झग्यावर जास्त बोललं गेलं. धर्मप्रचारकाला मराठीचं व्यासपीठ कशाला, असा सूर होता. साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमकीचे फोन आल्याच्या बातम्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांनीही जाऊ नये, असा दबाव आला. महानोर गेले. १० जानेवारी २०२० ला संमेलन सुरू झालं. दिब्रिटो आजारी होते, पाठीच्या दुखण्यानं बेजार होते. तरीही ते आले आणि बोलले.

२५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. तो वादही आता विस्मरणात गेला आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रत्येक नाताळला, प्रत्येक व्हायरल फॉरवर्डमध्ये पुन्हा डोकं वर काढतो. माणूस ख्रिस्ती असेल, तर तो पुरता ‘आपला’ असतो का?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत. राज्याच्या लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. या एका टक्क्यातल्या काही माणसांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं आणि त्याची काय किंमत मोजली, ते समजून घेऊया.

हा संशय येतो कुठून?

संशय हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवं. पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडली, धर्मांतरासाठी सक्ती केली. १५६० साली तिथं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. मधला थोडा काळ सोडला, तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्या छळाच्या आठवणी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुढे इंग्रज आले आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे ‘साहेबाचा धर्म’ हे समीकरण पक्कं झालं.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. धर्मन्यायालयाचा मुख्य रोख होता बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती लोकांवर. धर्म बदलला, पण जुन्या चालीरीती सुटल्या नाहीत, हा त्यांच्यावरचा आरोप असायचा. १७३६ च्या एका फर्मानानं तर लग्नातली गाणी, विधी, कपडे अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली होती. म्हणजे ‘तुम्ही आमचे की त्यांचे, एक काय ते ठरवा’ हे या लोकांना पहिल्यांदा सांगितलं, ते चर्चच्याच सत्तेनं.

विहिरीत पाव टाकल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गावाच्या विहिरीत पाव टाकला, नकळत लोक ते पाणी प्यायले आणि सगळा गाव बाटला. ही गोष्ट ऐकताना आपण पाव टाकणाऱ्यावर चिडतो आणि पुढचा भाग विसरतो. नुसतं पाणी प्यायल्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही. ‘तुम्ही बाटलात, आता परत येऊ नका’ हे ज्यांनी सांगितलं, ते शेजारी आणि भाऊबंदच होते. एकानं ढकललं आणि दुसऱ्यानं दार लावून घेतलं.

मग दिब्रिटो नेमके कुठले?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले. स्थानिक ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र गेले नाहीत, कारण त्यांना जायला दुसरं गावच नव्हतं. त्यांची आडनावं पोर्तुगीज वळणाची होती, शेती आणि बोली मात्र इथलीच. वसईतली सामवेदी किंवा कादोडी बोली आजही तिथले हिंदू सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती दोघंही बोलतात. धर्म दोन आणि बोली एक.

याच वसईतल्या नंदाखाल गावचे दिब्रिटो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन बांधकामासाठी मोकळी झाली. विहिरींचं पाणी टँकरनं बाहेर जाऊ लागलं आणि दहशतही वाढली. तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले. या आंदोलनात सगळ्या धर्मांचे लोक होते, कारण पाणी सगळ्यांच्याच विहिरीतलं आटत होतं. त्यांच्या लेखनात बायबलइतकीच संतांची वचनं सापडतात.

त्यांच्या आधीही असं जगलेले लोक होते. खरं तर आधुनिक मराठी साहित्याच्या सुरुवातीपासूनच होते.

मराठीतली पहिली कादंबरी कुणी लिहिली?

बाबा पदमनजी यांनी. ‘यमुनापर्यटन’, साल १८५७. ती सर्वसाधारणपणे मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. विषय विधवांचे हाल.

पदमनजींचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्म बदलणं हा ‘वैयक्तिक निर्णय’ नसायचा. घर, जात, वारसा, पंगत हे सगळं एका दिवसात तुटायचं. असं सगळं तुटलेला हा माणूस तीन वर्षांनी कादंबरी लिहितो, तीही मराठीत आणि ज्या समाजानं त्याला बाहेर काढलं त्याच समाजातल्या बायकांच्या दुःखाबद्दल.

आणखी एक उदाहरण. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा निबंध आज दलित साहित्याचा पाया मानला जातो. १८५५ मध्ये तो छापला ‘ज्ञानोदय’नं, म्हणजे अहमदनगरमध्ये १८४२ साली मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या नियतकालिकानं. मुक्ता स्वतः ख्रिस्ती नव्हती. पण तिचा आवाज छापायला जागा मिळाली ती तिथं.

टिळकांच्या घरात काय झालं?

हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात त्यांची कविता भेटलेली असते, पण त्या कवितेमागची किंमत भेटत नाही.

१८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना बायबलमधला ‘नवा करार’ दिला. ते वाचत गेले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. नवरा हयात असून त्यांचा संसार मोडला. त्या काही वर्षं नातेवाइकांमध्ये राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ परतल्या, तरी सोवळं सोडलं नाही. त्या नवऱ्याच्या धर्माकडे स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या वेगानं आल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलं आहे. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांमध्ये गणलं जातं. त्यात रडगाणं नाही, हसू भरपूर आहे. म्हणूनच त्यातलं दुःख जास्त लागतं.

टिळकांची खरी लढाई मात्र दोन आघाड्यांवर होती. एकीकडे जातवाल्यांनी टाकलेलं. दुसरीकडे मिशनमध्ये परदेशी मिशनरी वर आणि देशी ख्रिस्ती खाली, अशी उतरंड. प्रार्थनेची गाणी इंग्रजी चालींची, भाषा अनुवादाची. टिळकांनी त्या जागी अभंग आणि ओव्या आणल्या, ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारावरच पाणी सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथं जागा असावी, अशी ती कल्पना होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते वारले.

त्यांच्या नगरच्या घरात एक तरुण कवी मुलासारखा राहून गेला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. त्यानं धर्म बदलला नाही आणि बदलावा अशी अटही त्या घरानं घातली नाही.

पंडिता रमाबाईंना दोन्हीकडून का बोलणी खावी लागली?

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतच्या ज्ञानासाठी रमाबाईंचा सन्मान केला. तेव्हा त्या विशीतल्या होत्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं, पदरात लहान मुलगी. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि तिथं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात संताप उसळला. जिला डोक्यावर घेतलं होतं, तीच ‘बाटली’.

तिकडे इंग्लंडमध्ये दुसराच प्रकार सुरू होता. रमाबाई शाकाहारी राहिल्या, तर तो त्यांचा अहंकार ठरला. चर्चची काही मतं त्यांना पटली नाहीत आणि त्यांनी प्रश्न विचारले, तर तो उद्धटपणा ठरला. त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर बिशप मंडळींनी हरकत घेतली. क्रॉसवरचा मजकूर लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतमध्ये का नको, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसते. एका धर्माच्या अधिकाऱ्यांचा जाच सोडून दुसऱ्या धर्माच्या अधिकाऱ्यांचा जाच पत्करायला ही बाई तयार नव्हती.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं. विधवा मुलींसाठी राहायची आणि शिकायची सोय. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. इथं धर्म शिकवला जाणार नाही, असं ठरलं होतं.

रमाबाई रोज स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळानं राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलवत नाही, पण येणाऱ्या मुलीच्या तोंडावर दारही लावणार नाही.

टीकाकारांची बाजूही समजून घ्यायला हवी. पालकांनी ‘धर्म शिकवणार नाही’ या भरवशावर मुली पाठवल्या होत्या. निराधार मुलीचं अन्न, छप्पर आणि शिक्षण ज्या बाईच्या हाती, तिच्या उघड्या दाराला एक वजन असतंच. पण दार बंद करा म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या विधवांना स्वतःच्या घरात जागा द्यायला तयार होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पुढे रमाबाईंनी केडगावला ‘मुक्ती’ उभारलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो बायका-मुलींना तिथं आसरा मिळाला.

उघड्या दाराचा प्रश्न कायदा कसा सोडवतो?

आपला धर्म उघडपणे जगणं कुठं संपतं आणि दुसऱ्याला ओढणं कुठं सुरू होतं? १८९३ मध्ये पुण्यात झालेलं हेच भांडण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत झालं. ‘प्रसार’ हा शब्द मूलभूत हक्कांत असावा की नाही, यावर जोरदार चर्चा झाली. शेवटी तो राहिला. म्हणून अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतो, आणि धर्म मोकळेपणानं प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्कही देतो. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या मर्यादेत आहे.

१९७७ मध्ये ‘रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी रेष ओढली. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा प्रसार आणि तो हक्क आहे. पण ‘दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा’ हक्क त्यात येत नाही. सक्ती, फसवणूक किंवा आमिष यांनी होणारं धर्मांतर रोखणारे मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे न्यायालयानं वैध ठरवले. असे कायदे आज अनेक राज्यांत आहेत.

अडचण असते ‘आमिष’ या शब्दाच्या व्याप्तीत. फुकट शिक्षण, उपचार, जेवण हे सेवा कधी असतं आणि आमिष कधी? कागदावर हे ठरवणं सोपं वाटतं. गावात मात्र एखाद्या घरातली प्रार्थनासभा ‘धर्मांतराचा अड्डा’ ठरायला एक तक्रार किंवा एक व्हिडिओ पुरतो. गुन्हा सिद्ध होईपर्यंत वर्षं जातात. तोवर त्या कुटुंबाचं गावात नाव झालेलं असतं.

सगळ्यात महाग किंमत कोण मोजतं?

इथवर आपण लेखक आणि पंडितांबद्दल बोललो. महाराष्ट्रातले, विशेषतः नगर आणि मराठवाड्यातले बरेच ख्रिस्ती मात्र दलित समाजातून आलेले आहेत. त्यांच्यासाठी ओळख हा शब्द जातीच्या दाखल्यावर येऊन थांबतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजूनही बाहेर आहेत. त्यामागचा युक्तिवाद असा की या धर्मांत जात मान्य नाही, मग जातीवरची सवलत कशी? उलट युक्तिवाद असा की धर्म बदलल्यानं वस्ती बदलत नाही, आडनाव बदलत नाही आणि गावाची नजरही बदलत नाही. देशात काही ठिकाणी चर्चमध्ये बसायच्या जागा आणि दफनभूमीही जातीनुसार वेगळ्या राहिल्या आहेत, ही चर्चसाठी शरमेची गोष्ट आहे.

२००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं की मनापासून श्रद्धा न बदलता फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं म्हणजे संविधानाशी फसवणूक.

कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. पण प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो, ते बघा. रविवारी चर्चला जाणारं एखादं दलित कुटुंब मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर धर्म लिहिताना थबकतं. खरं लिहिलं, तर शिष्यवृत्ती आणि दाखला जातो. खोटं लिहिलं, तर आयुष्यभर पकडले जाण्याची भीती. टिळकांना एकदाच निर्णय घ्यावा लागला. या कुटुंबाला तो प्रत्येक फॉर्मवर नव्यानं घ्यावा लागतो. आणि मग हेच लोक ‘लपूनछपून ख्रिस्ती’ म्हणून हिणवलेही जातात.

मग या सगळ्यातून काय दिसतं?

पदमनजी, लक्ष्मीबाई, टिळक, रमाबाई, दिब्रिटो. माणसं वेगळी, काळ वेगळा, पंथही वेगळे. पण ‘मराठी की ख्रिस्ती’ या प्रश्नातलं ‘की’ त्यांनी कुणीच मान्य केलं नाही. शिव्या देणाऱ्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी कादंबरी लिहिली, अभंग रचले, विधवांना घर दिलं, विहिरी वाचवायला रस्त्यावर आले. चर्चनं परकं वळण लावायचा प्रयत्न केला, तेव्हा चर्चलाही त्यांनी सुनावलं. आज त्यांच्याशिवाय मराठीचा इतिहास लिहिता येत नाही.

पण यात एक धोकाही आहे. ‘बघा, यांनी मराठीसाठी किती केलं’ असं म्हणताना आपण नकळत एक अट घालतो. म्हणजे ज्यानं कादंबरी लिहिली नाही, आंदोलन केलं नाही, त्याला आपलं म्हणायचं नाही का? नगरजवळच्या एखाद्या वस्तीत रविवारी डफ-टाळावर ख्रिस्ती भजन म्हणणाऱ्या शेतमजुरानं मराठीपणाचं कुठलं प्रमाणपत्र आणायचं?

अनुच्छेद २५ ‘सर्व व्यक्तीं’साठी आहे. पुरस्कार मिळवलेल्यांसाठी वेगळा आणि बाकीच्यांसाठी वेगळा, असा तो लिहिलेला नाही. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या प्रार्थनासभेचा व्हिडिओ भडक मथळ्यासह तुमच्या फोनवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं तपासा: त्यात सक्ती दिसतेय, फसवणूक दिसतेय, की फक्त काही माणसं दार उघडं ठेवून प्रार्थना करताना दिसतायत?